आजीने उन्हात वाळत घातलेली भाकरी

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका 23 वर्षांच्या वाचक मुलीचे हे पत्र आहे. नाव छापू नये, अशी तिची विनंती आहे. तिची आजी, आईवडील आणि काका-काकू सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात एका गावी एकाच घरात राहतात. पत्र लांब आहे. त्यातला आवश्यक भाग येथे देत आहे.

“दिवाळीत गावी गेले असता मी शिळ्या भाकऱ्या कचऱ्याच्या बादलीत टाकल्या. आजीने त्या बाहेर काढल्या, पदराने पुसल्या आणि सुपात घालून उन्हात वाळत ठेवल्या. मला राग आला. मी म्हणाले, ‘आजी, आता काय दुष्काळ पडलाय का आपल्याकडे?’ ती काहीच बोलली नाही. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. नंतर माघात एका नातेवाइकांच्या तेराव्याला बाबांच्या चुलत आत्याने जे सांगितले, ते ऐकल्यापासून मला नीट झोप लागत नाही. 1972 च्या दुष्काळात आजी दहा-अकरा वर्षांची होती. तिची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि बाभळीला बांधलेल्या झोळीत निजवलेल्या धाकट्या भावाला आजी सांभाळायची. तो भाऊ उन्हाळ्यात हगवणीने गेला. ‘तुझ्या हातून गेला,’ असे तिची आई तेव्हा म्हणाली आणि पुढेही कितीतरी वर्षे म्हणत राहिली. चौदाव्या वर्षी आजीचे लग्न झाले. त्याच आत्याकडून मला हेही कळले, की माझे काका आजीचे पोटचे नाहीत. आजीची नणंद बाळंतपणात गेली, तिचे ते मूल. बारा दिवसांचे असताना आजीने ते घरी आणले आणि माझ्या बाबांबरोबर स्वतःच्या अंगावर पाजून वाढवले. काकांना हे माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी आजीची माफी मागावी का? की त्याने जुनी जखम उघडी पडेल? तिला हे सगळे विचारावे का? समुपदेशकाकडे न्यावे का? आधारकार्डावर तिची जन्मतारीख 1 जानेवारी आहे. त्या दिवशी घरगुती समारंभ करून तिच्यावर एक पुस्तिका काढायचे मी ठरवले होते. आता त्यात काय लिहावे, तेच कळेनासे झाले आहे. बाबा म्हणतात, झाले गेले उकरू नकोस.”

प्रिय मुली,

माफी जरूर माग, आणि ती पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हाच माग, वाढदिवसापर्यंत थांबू नकोस. मात्र ती केवळ भाकरीची माग. “आजी, मी भाकरी टाकली आणि वर तुला तसे बोलले, ते माझे चुकले,” एवढेच म्हण. आत्याकडून तुला काय कळले आहे, ते आजीला अजून माहीत नाही. “तुझ्या भावाचे मला समजले, म्हणून माफी मागते,” असे तू म्हणालीस, तर त्याच क्षणी तिला तुझे सांत्वन करावे लागेल, आत्याने आणखी काय काय सांगितले याचा अंदाज घ्यावा लागेल आणि जी गोष्ट तिने पन्नास वर्षे स्वतःजवळ ठेवली, ती दुसऱ्या कोणी तरी तिच्या परस्पर वाटली, हे पचवावे लागेल. जे तुझ्या हातून घडले, त्याची माफी मागणे हे तुझे काम आहे. जे तुला नुसते कळले आहे, त्याचा भार तूर्त तूच सांभाळ.

तुझे ते वाक्य आपण सगळेच सहज बोलतो. ताटात जास्त वाढले, कोणी हावरेपणाने खाल्ले, की “दुष्काळातून आलास का?” असे म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे. ते आजीच्या कानांवर कसे पडले असेल, हे समजण्यासाठी तो काळ थोडा जवळून पाहायला हवा. सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद या भागांत 1972 च्या आधीची दोन वर्षेही पावसाने ओढ दिलेलीच होती. 1972 साली तर खरीपही गेले आणि रब्बीही. तेव्हाची माणसे एक गोष्ट आवर्जून सांगतात, की त्या वर्षी विहिरींच्या तळाला थोडे तरी पाणी होते, धान्य मात्र कोठेच नव्हते. पुढच्या काळात आपण पाण्याचे दुष्काळ पाहिले, 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, पण तुझ्या आजीचा दुष्काळ हा कणगीच्या बुडाशी हात लागण्याचा दुष्काळ होता. आजी पाणी सांडले तर फारशी चिडत नसेल आणि भाकरीचा तुकडा वाया गेला की गप्प होत असेल, तर त्याचे एक कारण येथे असावे. अमेरिकेतून आलेली मिलो ही लाल ज्वारी रेशनवर मिळे आणि ज्या तोंडांना आपल्या शाळू ज्वारीची चव माहीत होती, ती तिची भाकरी कशीबशी गिळत. हुलग्याच्या माडग्यावर आणि रानातल्या पाल्यावर घरे दिवस काढत होती. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी ती कामे होती. खडीचे माप ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या हिशेबाने होत असे आणि किती फोडली त्यावर मजुरी ठरत असे, म्हणून हजेरीच्या मस्टरवर नाव आईचे असले, तरी कामाला हात सगळ्या घराचे लागत. बोटांना चिंध्या गुंडाळून बायका दिवसभर उन्हात बसत. कामावर सुकडी हे कोरडे पूरक अन्न वाटले जाई आणि पुष्कळ मुलांच्या पोटात दिवसभरात तेवढेच पडे.

अशा ठिकाणी एका दहा वर्षांच्या मुलीवर एक तान्हे मूल सोपवलेले होते. आता मी जे सांगते आहे, ते नीट लक्षात ठेव, कारण एखाद्या दिवशी तुला ते आजीला सांगावे लागेल. हगवणीत मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. साखर, मीठ आणि पाणी योग्य प्रमाणात पुन्हा पुन्हा पाजले तर असे मूल वाचू शकते, ही गोष्ट आज प्रत्येक अंगणवाडी सेविकेला माहीत असते. पण 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचे सलाइन संपत आल्यामुळे हे द्रावण मोठ्या प्रमाणावर तोंडाने पाजून पाहिले, तेव्हा खुद्द डॉक्टरांपैकी अनेकांचा त्यावर विश्वास नव्हता. जागतिक पातळीवर हा उपाय घरोघर पोहोचवण्याचे काम 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. याचा अर्थ असा, की करमाळ्याच्या माळरानावर बाभळीखाली बसलेल्या त्या मुलीला जे करता आले असते, ते त्या वेळी तिच्या आसपासच्या मोठ्या माणसांनाही माहीत नव्हते. उलट, हगवण लागलेल्या मुलाचे पाणी तोडावे, अशीच समजूत तेव्हा घरोघरी होती. भाऊ तिच्या हातून गेला नाही. तो भूक, घाण पाणी आणि ऊन यांनी गेला.

हे तू आपण होऊन सांगायला जाऊ नकोस. आजीने स्वतः भावाचा विषय काढला, तर मात्र सांगितल्याशिवाय राहू नकोस. पणजीला दोष देण्याचा मोहही टाळ. दिवसभर खडी फोडून परतलेल्या आणि लेकरू गमावलेल्या बाईच्या तोंडून निघालेले ते वाक्य क्रूर होते, यात शंका नाही. ते तिने पुन्हा पुन्हा उच्चारले, हे त्याहून वाईट झाले. पण ती आजीची आई आहे आणि आपल्या आईबद्दल कठोर बोलण्याचा अधिकार आजीचा आहे. “तुझी आई असे कसे बोलली?” असे तू म्हटलेस, की आजी लगेच आईची बाजू घेईल आणि बोलणे तिथेच थांबेल.

आता विचारण्याबद्दल. मी स्वतः ही गोष्ट एकदा फार वाईट रीतीने केलेली आहे. माझ्या थोरल्या मावशीचे लहानपण हालात गेले होते. मी उत्साहाने टेपरेकॉर्डर घेऊन तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, “मावशी, तुझ्या लहानपणाबद्दल सांग.” तिने पदर सावरला आणि तलाठ्यापुढे जबाब द्यावा तशी चार वाक्ये सांगितली: गाव अमुक, भावंडे इतकी, परिस्थिती गरिबीची, देवाच्या दयेने सगळे चांगले झाले. मी निराश होऊन यंत्र बंद केले. पुढे तीन-चार वर्षांनी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो आणि मी सहज विचारले, “हे सूप कुठले गं, किती जुने आहे?” त्या सुपावरून ती तासभर बोलली. ते तिच्या आईने बुरडीणीकडून दोन पायली बाजरीला घेतलेले सूप होते आणि त्या दोन पायली बाजरीवरून घरात झालेले भांडण, आईने खाल्लेला मार, मावशीने दाराआडून पाहिलेले सगळे तिने मान खाली घालून, तांदळातले खडे वेचता वेचता सांगितले. मी एकही प्रश्न विचारला नाही. माझे हातही चालूच होते, हे त्यात महत्त्वाचे होते असे मला वाटते, कारण त्यामुळे तिला माझ्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नव्हते.

तेव्हा आजीला दुःखाबद्दल विचारू नकोस, कामाबद्दल विचार. मिलोची भाकरी थापता यायची का, की तुटायची? सुकडी कशात घ्यायचे? खडीच्या ढिगाचे माप घ्यायला कोण यायचे? कामावर जायला किती चालावे लागे? आणि एक प्रश्न तर अवश्य विचार: ते काम कोणत्या रस्त्यावर होते? त्या दुष्काळात बांधलेले कितीतरी रस्ते आणि पाझर तलाव आजही वापरात आहेत. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्ये केला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. त्यामागे तुझ्या पणजीसारख्या लाखो बायकांनी उन्हात बसून केलेले काम होते. तू ज्या रस्त्याने एसटीने गावी जातेस, त्याची खडी कदाचित तिने फोडलेली असेल. आजीला वाटले, तर तिला तिथे घेऊन जा. तिला नको वाटले, तर पुन्हा सुचवू नकोस.

ओव्या मात्र जपून विचार. जात्यावर बसणाऱ्या बायका सरळ बोलून जे सांगत नसत, ते ओवीत सांगत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, यावरून त्या बोलण्याचा विस्तार लक्षात येईल. आजीलाही आईच्या तोंडच्या काही ओव्या आठवत असतील. पण आपल्या ओव्यांत माहेर आले, की भाऊ येतोच. “बंधुराया”वाचून जात्यावरचे गाणे पुढे सरकत नाही. त्यामुळे ओवी म्हणता म्हणता आजी मध्येच थांबली, तर तिला पुढची ओळ आठवत नाही असे समजून आग्रह करू नकोस. तिला ती आठवते आहे, म्हणूनच ती थांबली असेल. तशा वेळी तूही थांब, तिच्याजवळ बसून राहा.

बाबांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. उकरू नये हे खरे. पण त्यांच्या सांगण्यात आईविषयीच्या काळजीबरोबर थोडी भीतीही असावी, असे मला पत्रावरून वाटले. ज्या मुलाने आईला कायम कणखरच पाहिले आहे, त्याला तिला रडताना पाहणे फार जड जाते. त्यांच्याशी वाद घालू नकोस. आजीबरोबर बसून वाळवणाला पाखरे राखायला, शेंगा फोडायला, लसूण सोलायला त्यांची हरकत असणार नाही, आणि तुला एवढेच हवे आहे.

समुपदेशकाचा विचार तू काळजीपोटी केलास, हे मला कळते. परंतु भाकरी जपून ठेवणे आणि कणगी भरलेली असावी असे वाटणे, हा आजार नव्हे. आजीची झोप सतत उडत असेल, ती दचकून उठत असेल, खाणेपिणे टाकत असेल, माणसे ओळखताना गोंधळत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर मात्र विनाविलंब डॉक्टरांना दाखवले पाहिजे. फोनवर बोलायचे असेल, तर टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. तुलाही झोप लागत नाही असे तू लिहिले आहेस. तो क्रमांक तुझ्यासाठीही आहे.

काकांचा विषय सगळ्यांत नाजूक आहे आणि त्याबद्दल मी अगदी ठामपणे सांगते, की तू त्याविषयी कोणाजवळही बोलू नकोस. जी गोष्ट तेराव्याच्या पंगतीत एका आत्याला ठाऊक आहे, ती काकांना ठाऊक असण्याचा संभव बराच आहे. खेड्यात अशा गोष्टी कोणी ना कोणी मुलाच्या कानावर घालतोच. पण ठाऊक असणे आणि पुतणीच्या तोंडून ऐकणे यांत फार अंतर आहे. ही गोष्ट सांगायची की नाही, ते आजीने आणि काकांनी ठरवायचे आहे. आजीने सोळा-सतरा वर्षांच्या वयात दोन तान्ही मुले दोन कुशींत घेतली आणि कोणते आपले, कोणते नणंदेचे, हे घरातल्या पुढच्या पिढीला कळूही दिले नाही. तिने इतक्या जपून राखलेली गोष्ट पुस्तिकेत छापणे योग्य होणार नाही, मग तुझा हेतू कितीही चांगला असो. भाऊ गेला म्हणून तिने पुढे नणंदेचे मूल उराशी धरले, अशी जोडणी तुझ्या मनात झालेली पत्रात दिसते. ती खरी असेलही. पण ती आजीच्या तोंडून आल्याशिवाय तू लिहू नकोस. एखादी बाई आईविना राहिलेले मूल घरी आणते, तेव्हा तिच्या मनात जुने दुःख असू शकते, तसेच नणंदेवरची माया, रडणारे पोर समोर असण्याची तातडी किंवा केवळ “पाजायला माझ्याजवळ दूध आहे” एवढा साधा विचारही असू शकतो.

मात्र एक व्यवहाराची गोष्ट बाबांच्या कानावर घालणे आवश्यक आहे, कारण आजीने उभे केलेले हे घर तिच्या पश्चात कागदावरून फुटू नये, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे अशी मुले बहुधा दत्तकविधान न करताच वाढवली गेली. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे दत्तक दिल्या-घेतल्याचा विधी झाला नसेल, तर केवळ वाढवले म्हणून मुलाला वारसाहक्क मिळत नाही. आज घरात सगळे एकदिलाने राहतात. पण जमिनीचा प्रश्न आला, की कधी न बोलणारे नातेवाईकही बोलू लागतात. आजीच्या स्वतःच्या नावावर जमीन, घर किंवा ठेव काही असेल आणि सर्व मुलांना सारखे मिळावे अशी तिची इच्छा असेल, तर तिने मृत्युपत्र करून ठेवावे. ते साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर तिने सही किंवा अंगठा करावा आणि त्या दोघांनीही तिच्यासमोर सही करावी. साक्षीदार वाटणीत हक्क नसलेले असावेत. नोंदणी सक्तीची नसली, तरी दुय्यम निबंधकाकडे ती करून घेतलेली बरी. मृत्युपत्रात मुलांची नावे लिहून वाटा सांगितला, की पुरे. कोण पोटचे आणि कोण नाही, हे त्यात लिहिण्याची गरज पडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या वकिलाला बाबांनीच एकदा भेटावे. हा विषय तू बाबांजवळ काढताना आत्याच्या बोलण्याचा उल्लेख केलास, तरी चालेल. ही एवढी एकच जागा अशी आहे, जिथे गप्प राहिल्याने काकांचे नुकसान होऊ शकते.

पुस्तिका जरूर काढ, पण ती आजीच्या दुःखाची करू नकोस. चौसष्ट-पासष्ट वर्षांच्या आयुष्यात दुष्काळाचे दिवस थोडे होते आणि नंतरची पन्नास वर्षे तिने घर चालवले आहे. कोणत्या साली विहिरीला पाणी लागले, पहिली म्हैस केवढ्याला घेतली, पोरांच्या फीसाठी काय विकले, कोणत्या सुनेला काय शिकवले, कोणत्या जावयाशी अबोला धरला आणि तो कसा सुटला, हे सगळे तिला विचार आणि तिच्याच बोलीत उतरव. “नगं”, “म्या”, “आमी” हे शब्द शुद्ध करायला जाऊ नकोस. ती बोलताना फोनवर ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर आधी विचार आणि फोन तिला दिसेल असा ठेव. ते कुटुंबाच्या ग्रुपवरही टाकू नकोस. छापण्यापूर्वी सगळा मजकूर तिला वाचून दाखव आणि तिने एखादे पान काढ म्हटले, तर कारण न विचारता ते काढ. 1 जानेवारी ही तारीख तिची नाही, आधारची नोंद करणाऱ्याने केवळ वर्ष माहीत असल्यामुळे टाकलेली आहे, हे तुलाही कळले असेल. त्याऐवजी तिने स्वतः सांगितलेला एखादा दिवस धरता आला, तर पाहा. बहुधा ती तारीख सांगणार नाही, “सुगीत” किंवा “नागपंचमीच्या आसपास” असे काही सांगेल. त्या दिवसांत घरातली सगळी भावंडे एकत्र जमतील असे बघ.

आणि माफी मागायला जाशील, तेव्हा हात रिकामे ठेवू नकोस. त्या वाळवलेल्या भाकऱ्यांचे तुकडे आजीने डब्यात भरून ठेवलेले असतील. तो डबा उतरव आणि याचा फोडणीचा कुस्करा तू कसा करतेस ते मला दाखव, असे तिला म्हण. पाणी किती शिंपडायचे, कांदा किती परतायचा, लसणीचे तिखट कधी घालायचे, हे ती सांगू लागेल. तू कढईपाशी उभी राहा आणि ती सांगेल तसे कर.